होल्डवर काय वाजवायचं? गुहागरच्या हॉटेलवाल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरला बारा खोल्यांचं हॉटेल, एप्रिल-मेमध्ये जोडीला हापूसच्या ऑर्डरी, आणि आत्ताच बसवलेलं नवं ईपीएबीएक्स, म्हणजे हॉटेलातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. होल्डला सध्या मशीनमधली टिंगटिंग वाजते, ट्रक मागे घेताना वाजते तसली. मुलगा म्हणतो समुद्राच्या लाटा लावू, सासरे म्हणतात गणपतीची आरती लावा. तुम्हाला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

चिपळूणपासून मालवणपर्यंत हॉटेलं, दवाखाने, पतपेढ्या आणि आंबेवाल्यांकडे टेलिफोन एक्स्चेंज बसवण्यात माझी चोवीस वर्षं गेली. तुमचं मन बरोबर सांगतंय. दोन्ही नकोत, पण कारणं वेगवेगळी आहेत.

आधी लाटा. समुद्रकाठच्या दर दुसऱ्या हॉटेलवाल्याला ही कल्पना सुचते आणि सुचली की तो खूश असतो. असाच एक उत्साही गडी चांगला माइक घेऊन पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर गेला होता. रेकॉर्डिंग खरंच सुंदर झालं होतं. हेडफोनवर ऐकलं तर पाण्याचा फेस वाळूत जिरताना कळत होता. एक्स्चेंजला चढवलं आणि आठवडाभरात त्याचा फोन आला, "लोक होल्डवर टाकलं की कट करतायत. म्हणतात तुमच्या लाइनला खरखर आहे, दुसरा नंबर द्या."

मी माझ्या मोबाइलवरून लावून बघितला. खर्रर्र, मग शांत, मग परत खर्रर्र. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरल्यावर जुनी लँडलाइन वाजायची, हुबेहूब तसं.

त्याचं कारण असं. टेलिफोनची लाइन बोलण्यासाठी बांधलेली आहे, तीही काटकसरीने. ढोबळमानाने ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं, एवढाच आवाज तिच्यातून जातो. माणसाला चांगल्या कानाने वीस हजारांपर्यंत ऐकू येतं, म्हणजे वरचा सगळा चकाकता भाग आणि खालचा सगळा घुमारा फोनच्या दारातच गळतो. डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात आणि सेकंदाला ६४ हजार बिट पाठवतात. पुढे साध्या मोबाइल कॉलवर तेच दाबून जास्तीत जास्त बारा हजारांच्या आसपास आणतात, रेंज पडली की पाच हजारांच्याही खाली. इतक्या कमी सामानात काम भागतं, कारण मोबाइलची यंत्रणा आवाज जसाच्या तसा पाठवतच नाही. माणसाचा घसा, तोंडाची पोकळी, एका वेळी एकच स्वर, असं गृहीत धरून ती आवाजाचं फक्त वर्णन पाठवते आणि पलीकडचा फोन त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. घशातून निघू शकेल असा आवाज असेल तर छान. लाट घशातून निघत नाही. यंत्रणेच्या लेखी ती मागची गडबड, रस्त्यावरचा गोंगाट. बोलणं थांबलंय असं समजून ती आवाज पाठवणंच कमी करते आणि त्याजागी नुसती बारीक सूसू भरते. पावसाचा आवाज, झाडांची सळसळ, धबधबा, सगळ्यांची गत हीच. मुलाला सांगा, कल्पना वाईट नाही, ती वेबसाइटवरच्या व्हिडिओला लाव.

तो लगेच म्हणेल की हल्ली फोरजीवर आवाज स्वच्छ येतो. येतो, दोन्ही टोकांना तशी सोय असेल तेव्हा आवाजाचा पट्टा ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंद होतो. पण तुमच्या एक्स्चेंजमधून निघालेला आवाज वाटेत एका जागी जरी जुन्या मापाच्या पाइपातून गेला, तरी पुढे तो तेवढाच. महामार्ग चौपदरी झाला तरी एका पुलावर एकेरी वाहतूक असली की सगळ्यांना रांगेत उभं राहावंच लागतं, ते आपल्याला सांगायला नको.

आता आरती. तांत्रिक अडचण फार नाही. झांजा "चिस्स चिस्स" वाजतील आणि पखवाजाची धुम्म गायब होऊन नुसती थाप उरेल, एवढंच. खरी अडचण वेगळी आहे. होल्डचं संगीत कोणीही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत नाही. ते मध्येच सुरू होतं आणि मध्येच तुटतं. भक्तिभावाने हात जोडावेत असं काही वाजत असताना पटकन "हां बोला, एसी की नॉन-एसी?" असं कानावर आलं की ऐकणाऱ्यालाही ओशाळं वाटतं. सासऱ्यांना हे सांगितलंत तर पटेल. आरती सकाळी रिसेप्शनमध्ये स्पीकरवर लावा, ती पूर्ण होऊ द्या.

त्यात आणखी एक खोच आहे. काही एक्स्चेंज प्रत्येक होल्डला फाइल पहिल्यापासून सुरू करतात. काहींत ती मागे सतत फिरत असते आणि माणूस वाटेत शिरतो. तुमचं कुठलं ते स्वतः फोन करून, होल्डवर दोनदा टाकायला लावून बघा. पहिल्या प्रकारचं असेल तर एकाच कॉलमध्ये तीनदा होल्डवर गेलेला माणूस तीनदा तीच सुरुवात ऐकणार. अशा वेळी चार मिनिटांच्या फाइलमधल्या पहिल्या वीस सेकंदांवर सगळा जीव लावायचा. बाकीचं फार थोड्या लोकांच्या कानावर पडणार आहे.

ही होल्डवरच्या संगीताची गोष्ट सुरू झाली तीच मुळी अपघाताने. अल्फ्रेड लेव्ही नावाच्या अमेरिकन कारखानदाराकडे फोनची एक सुटी वायर इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली, आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचं संगीत होल्डवरच्या लोकांना ऐकू यायला लागलं. त्याने १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६६ मध्ये ते मिळालं. आपल्याकडेही पुष्कळ वर्षं हाच प्रकार मुद्दाम चालायचा. एक्स्चेंजच्या मागच्या भोकात रेडिओची पिन खुपसायची, झालं काम. माझ्या एका गिऱ्हाइकाने तसंच केलेलं होतं. त्याच्याकडे डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीची चौकशी करायला पुण्याचं एक कुटुंब होल्डवर होतं. तेवढ्यात रेडिओवर हवामान लागलं : समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तो माणूस फोनवर परत येईपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं. रेडिओ लावू नका हे एवढ्यावरून कळावं. शेजारच्या हॉटेलची जाहिरात लागली तर ती वेगळीच.

मग लावायचं काय? माझं उत्तर गेली दहा-बारा वर्षं एकच आहे : एकच वाद्य, एका वेळी एकच सूर, शब्द नाहीत, तबला नाही.

शब्द नकोत, कारण माणसाचा आवाज आला की ऐकणारा चमकून "हॅलो?" म्हणतो. तबला नको, कारण डग्ग्याचा घुमार ३०० हर्ट्झच्या खाली राहतो, तो जातो. उरते ती चाटीची टकटक, जणू शेजारच्या टेबलवर कोणी टाइप करतंय. तानपुरा नको, त्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, फोनवर ट्यूबलाइटच्या चोकसारखी गुणगुणते. सिनेमातल्या संगीतासारखा भरगच्च वाद्यमेळ तर अजिबात नको. ते घसा-गृहीत यंत्रणेला झेपत नाही आणि पाण्याखालून बँड वाजल्यासारखं ऐकू येतं.

बहुतेक जण बासरी निवडतात. वाईट नाही, पण माझी ती दुसरी पसंती. बासरीचा सूर फार शुद्ध असतो आणि वरच्या पट्टीत गेला की फोनवर त्याची शिट्टी होते. ज्यांनी फॅक्सच्या काळात नोकऱ्या केल्या त्यांना दचकायला होतं. माझी पहिली पसंती पेटी. आंब्याची नव्हे, वाजवायची. पेटीच्या सुरात वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे बारीक सूर, भरपूर असतात. मूळ सूर खाली कापला गेला तरी उपस्वरांवरून कान तो स्वतःच भरून काढतो. पुरुषाचा जाड आवाज आपण फोनवर ओळखतो तो याच जोरावर, नाहीतर त्याचा पाया लाइनमधून जातच नाही. शिवाय भाता चालू आहे तोवर पेटीचा सूर तुटत नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे. संथ आलापीतले तीन-चार सेकंदांचे विराम मैफलीत सुंदर वाटतात, फोनवर त्याचा अर्थ "लाइन कटली" एवढाच होतो.

आणि पेटी वाजवणारा आपल्याकडे शोधायला लागत नाही. प्रत्येक वाडीत भजनी मंडळ आहे, डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बसणारे बुवा आहेत, दशावतारात पायपेटीवर रात्र काढणारे आहेत. यांच्यातल्याच एकाला अर्धा दिवस बोलवा. फक्त सांगायचं की बुवा, आज गर्दी नको, दोन बोटांत वाजवा, मागे सूर धरून ठेवू नका. हे त्यांना जड जातं. एकाने मला विचारलं होतं, "मग माका कशाक बोलावलास?" दोन-तीन वेळा फोनवर ऐकवलं की कळतं त्यांना, आणि मग तेच सुचवायला लागतात.

राग कुठला, असंही तुम्ही विचाराल. भूप किंवा दुर्गा. पाचच सूर, कुठूनही शिरता येतं, कुठेही सोडता येतं, अर्धवट राहिल्याची टोचणी लागत नाही. भूप संध्याकाळचा, दुर्गा रात्रीचा, सकाळी नऊला कसे वाजवायचे, असं एखादा जाणकार म्हणेल. त्याला चहा पाजा. भैरवी मात्र टाळा. राजापूरकडच्या एका दवाखान्यात मी न विचारता भैरवी चढवली होती. तिथले एक जुने पेशंट डॉक्टरांना म्हणाले, "फोन लावला की आधी भैरवी. मैफल संपली का आमची?" दुसऱ्याच दिवशी बदलून दिली.

लय मध्यम ठेवा, चालत्या माणसाच्या पावलाएवढी. फार जलद असलं की थांबलेल्या माणसाला आणखी घाई सुटते, आणि फार विलंबित असलं की एक मिनिटाची पाच होतात.

फाइल तयार करायचं काम मुलाला द्या, लाटा नाकारल्याचा त्याचा रुसवा जाईल. ऑडासिटी हा फुकटचा प्रोग्राम पुरतो. पहिलं, स्टीरिओचं मोनो करायचं आणि मोनो केल्यावर परत ऐकायचं. काही रेकॉर्डिंगमध्ये आवाज भव्य वाटावा म्हणून दोन्ही बाजूंना उलटसुलट भरलेला असतो, एकत्र केला की तो एकमेकांना खातो आणि वाद्यच नाहीसं होतं. दुसरं, ३०० च्या खालचं आणि ३४०० च्या वरचं आपणच कापून टाकायचं. लाइन कापणारच आहे, पण आपण आधी कापलं की उरलेलं काय ते नीट ऐकून सुधारता येतं. तिसरं, मोठा-लहान आवाज दाबून सपाट करायचा. गाडीत बसून ऐकणाऱ्याला हळुवार जागा ऐकूच येत नाहीत. शेवटी ८००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. बहुतेक एक्स्चेंज हीच मागतात, तरी पुस्तिकेत एकदा बघा. शेवट आणि सुरुवात अशी जुळवा की सांधा कळणार नाही. चार-पाच मिनिटांची फाइल भरपूर झाली.

आता मधे मधे वाजणारी सूचना. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य ऐकून आजवर कोणाला बरं वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. दर वीस सेकंदांनी ते आलं की दर वीस सेकंदांनी माणूस आशेने "हॅलो" म्हणतो आणि तोंडघशी पडतो. मिनिटातून एकदा पुरे, आणि त्यात कामाचं काहीतरी सांगा. तुम्हाला दिवसभरात तेच तेच काय विचारतात? दाभोळ-धोपावे फेरी चालू आहे का, चेक-इन किती वाजता, शाकाहारी जेवण मिळतं का, मेमध्ये पेटी किती डझनाची आणि आंबा नक्की हापूसच ना. यांची दोन वाक्यांत उत्तरं द्या, हंगामाप्रमाणे बदला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात रत्नागिरी जिल्हा आहे. तुमच्या बागेची नोंदणी झालेली असेल तर तेवढं एक वाक्य सांगा, पुढची पाच मिनिटांची हुज्जत वाचते. आवाज तुमचाच द्या, स्टुडिओतल्या बाईचा नको. "वाईच थांबा, आलेच" हे तुमच्या आवाजात आलं की मुंबईचा चाकरमानी हसतो आणि थांबतो. पुढे तेच एकदा साध्या मराठीत आणि हिंदीत म्हणा, कारण फोन करणारे सगळेच आपले गाववाले नसतात.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथे लोक फार बेफिकीर असतात. आवडतं गाणं डाउनलोड करून धंद्याच्या फोनवर लावलं तर ते खासगी ऐकणं राहत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्यावर एकच नाही, अनेक हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्या-रचणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं, आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा हक्क, ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणून अभंगाचे शब्द तुकोबांचे, सर्वांचे, पण त्याची गाजलेली चाल कोणाची तरी असते आणि रेकॉर्ड आणखी कोणाची. शब्द-चालींसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल अशा संस्था परवाने देतात. धार्मिक विधी आणि लग्नसमारंभाला कायद्यात जी सूट आहे ती हॉटेलच्या फोनला लागू होत नाही, मग गाणं कितीही देवाचं असो. नेटवरचं "रॉयल्टी-फ्री" म्हणजे फुकट असा अर्थ नाही. त्याच्या अटी वाचा, धंद्यासाठी चालेल असं लिहिलेलं हवं.

रागावर कोणाचा हक्क नाही, हा आपल्या बुवांच्या पेटीचा आणखी एक फायदा. मात्र त्यांच्याशी कागद करा. हक्क देणं लेखी लागतं, आणि कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून मुदत स्पष्ट लिहा, "हॉटेलच्या फोनसाठी" असंही लिहा, आणि पैसे द्या. गावातलाच माणूस म्हणून नारळ-टोपीवर भागवू नका.

हे सगळं करण्याआधी मात्र एक आठवडा फोनशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक होल्ड किती सेकंदांचा झाला ते लिहा. बहुतेक होल्ड दहा-पंधरा सेकंदांचे निघाले तर एवढा खटाटोप कमी करून खोल्यांचा तक्ताच फोनजवळ लावा. तो बघायला आतल्या खोलीत जावं लागतं, म्हणून होल्ड लांबतो, हे मी निदान वीस हॉटेलांत पाहिलंय. पण बटण मात्र दाबायचंच. रिसीव्हरवर हात ठेवून आत ओरडायची आपली सवय वाईट. "सांग त्यांना खोली नाही, मागच्या वेळी टॉवेल नेलानी" हे पलीकडे स्वच्छ ऐकू गेलेलं मला माहीत आहे.

एक गैरसमज मुलाचाही असेल, तो काढून टाका. कॉलर ट्यून आणि होल्ड ट्यून वेगळ्या. फोन उचलण्याआधी जे वाजतं ते मोबाइल कंपनीचं. उचलल्यावर होल्डला वाजतं ते तुमच्या एक्स्चेंजचं. तुमच्या हातातल्या मोबाइलवर एखाद्याला होल्ड केलंत तर तिथे तुमचं काही चालत नाही, कंपनी जे वाजवेल ते.

फाइल चढवली की तीन फोनवरून ऐका. एक लँडलाइन, एक चांगल्या रेंजचा मोबाइल, आणि एक रेंज जेमतेम एक कांडी असलेल्या जागेवरून. तुमच्याकडे घाटीच्या वळणावर अशी जागा असणारच. शक्य झालं तर मुंबईच्या नातेवाइकाला लोकलमधून लावायला सांगा, कारण तुमचा खरा गिऱ्हाईक तिथूनच फोन करतो. आवाजाची पातळी तुमच्या बोलण्यापेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे तुम्ही परत आलात की त्याला फोन कानापासून लांब करावा लागणार नाही.

बाहेरून प्लेअर जोडणार असाल तर वीज जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू होतो का ते मेन स्विच पाडून बघा. बरेच होत नाहीत, आणि जूनपासून तुमच्या होल्डवर नुसती शांतता असते, तुम्हाला पत्ताही नसतो. त्यापेक्षा फाइल एक्स्चेंजच्या आतच भरा. आणि मूळ फाइलची एक प्रत ईमेलवर टाकून ठेवा. २०२१ च्या पुरात माझ्या चिपळूणच्या दुकानात पाणी आलं तेव्हा मशीनं विम्यातून मिळाली, पण सतरा गिऱ्हाइकांची रेकॉर्डिंगं एका कॉम्प्युटरवर होती, ती गेली. त्यातल्या एका बुवांना परत बोलवायला गेलो तर ते मुलाकडे विरारला राहायला गेले होते.